आधी पुरावा, मग पुसणं

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू ज्या जुन्या सिनेमाचं रिस्टोरेशन करते आहेस, म्हणजे स्कॅन केलेली फिल्म दुरुस्त करते आहेस, त्याच्या तू पाठवलेल्या दोन्ही फ्रेम मोठ्या मॉनिटरवर लावून पाहिल्या. १९४० च्या दशकातला हॉलिवूडचा कृष्णधवल सिनेमा, रात्रीचा ओला रस्ता, टोपीच्या सावलीत अर्धा बुडालेला चेहरा. पहिल्या फ्रेममध्ये ग्रेन, म्हणजे फिल्मचा तो बारीक दाणेदारपणा, जसाच्या तसा आहे, दुसरीतून तू तो काढून टाकला आहेस. आणि विचारतेस, ब्लू-रे डिस्कसाठी यातली कुठली पाठवू? पहिली पाठव. पण नुसतं 'पहिली' म्हणून भागणार नाही, कारण उद्या हाच प्रश्न रंगाचा होईल, परवा आवाजाचा.

ग्रेन हा चित्रावर बसलेला थर नाही. कृष्णधवल फिल्मवर चित्र असतं ते चांदीच्या बारीक कणांचंच. ते कण हटवले की खाली 'खरं चित्र' सापडत नाही. खाली काहीच नसतं. सॉफ्टवेअर आजूबाजूच्या फ्रेमची सरासरी काढतं आणि तिथे गुळगुळीत अंदाज भरतं. तुझ्या दुसऱ्या फ्रेममध्ये त्या माणसाच्या कोटाचं कापड बघ. पहिल्या फ्रेममध्ये लोकरीची वीण दिसते, दुसरीत तो कोट रबराचा वाटतो. सिगारेटच्या धुराची कड गेली, गालावरची छिद्रं गेली. तांब्याचं भांडं चिंचेनं घासून लख्ख करावं, तसं फिल्मचं करता येत नाही. भांड्याचा फक्त कळकटपणा निघतो, इथे भांडंच झिजतं.

तुझ्यावर येणारा दबाव मला माहीत आहे. क्लायंटच्या शेऱ्यात 'क्लीन अँड शार्प' एवढंच लिहिलेलं असतं, आणि दुकानातल्या टीव्हीवर तुळतुळीत चित्रच उठून दिसतं. पण त्याचा परिणाम काय होतो याचं जाहीर उदाहरण आहे. 'पॅटन' हा सिनेमा ६५ मिलिमीटरच्या मोठ्या निगेटिव्हवर चित्रित झालेला, म्हणजे तपशिलाची कमतरता नाहीच. तरी २००८ च्या ब्लू-रेवर ग्रेन इतका घासला गेला की चेहरे मेणाचे दिसू लागले. जाणकार प्रेक्षकांनी लावून धरलं आणि २०१२ मध्ये तो सिनेमा नव्यानं काढावा लागला. घरी बसलेला प्रेक्षक अडाणी आहे असं कधी समजू नकोस. जुन्या सिनेमाची डिस्क विकत घेणारा माणूस त्या सिनेमावर आपल्याइतकाच जीव टाकणारा असतो.

मग काय काढायचं आणि काय ठेवायचं? मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो: बदल करण्याआधी पुरावा माग. सिनेमा पहिल्यांदा पडद्यावर लागला तेव्हा हे असं होतं, याचा पुरावा. 'मला असं बरं दिसतं' हा पुरावा नव्हे. 'आजच्या लोकांना असं आवडतं' हाही नव्हे.

डागाकडे बघायलाही याच नजरेनं शिक. तू कुठलीही खूण पाहिलीस की आधी विचार, ही आली कधी? पांढरा ठिपका असेल तर बहुतेक वेळा निगेटिव्हवरच्या कचऱ्याचा, कारण त्यानं प्रकाश अडवला आणि पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे त्यावरून काढलेल्या प्रिंटमध्ये, तिथे पांढरं राहिलं. काळा ठिपका असेल तर पॉझिटिव्ह प्रतीवर बसलेली धूळ. हे कचरे पुढच्या वर्षांत आले, ते खुशाल काढ. पण फ्रेमच्या कडेला काळा केस थरथरताना दिसला आणि तो एकाच शॉटपुरता असला, तर तो शूटिंगच्या दिवशी कॅमेऱ्याच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्म ज्या चौकटीमागून सरकते तिथे, अडकलेला असण्याचा संभव मोठा. तो पहिल्या दिवसाच्या प्रेक्षकानंही पाहिला होता. तो काढायचा की नाही हे तुझ्या एकटीच्या हातात नाही. नोंद कर, वर विचार.

नव्या मुलांकडून हमखास येणारी एक तक्रार अशी: 'सर, शॉट मध्येच खराब होतो, ग्रेन अचानक वाढतो, आणि थोड्या वेळानं परत नीट होतो.' नीट बघितलंस तर तिथे डिझॉल्व्ह असतो. एका दृश्यातून दुसऱ्यात विरघळत जाणारा तो जोड ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरचं चित्र दुसरीवर उतरवणाऱ्या यंत्रावर बनायचा, आणि तेवढा तुकडा ड्यूप निगेटिव्हवरचा, म्हणजे प्रतीवरून काढलेल्या निगेटिव्हवरचा असायचा, मूळ निगेटिव्हपासून दोन पिढ्या लांबचा. म्हणून तो जाडाभरडा दिसतो. तो तसाच होता. दोन्ही बाजूंशी थोडा जुळता करून घे, धक्का बसू नये इतपत, पण मूळ शॉटसारखा करायच्या नादाला लागू नकोस. तो नाद माणसाला आठवडाभर खुर्चीला खिळवून ठेवतो आणि शेवटी हाती प्लॅस्टिक येतं.

ऑटोमॅटिक डस्ट-बस्टिंगवर, म्हणजे मशीननं आपोआप धूळ पुसण्यावर, विसंबू नकोस, हे वेगळं सांगायला नको. दोन तासांच्या सिनेमात १,७२,८०० फ्रेम असतात, सगळ्या हातानं होणार नाहीत, मान्य. पण एका फ्रेममध्ये आहे आणि मागच्या-पुढच्यात नाही, ती प्रत्येक गोष्ट मशीनला धूळच वाटते. पावसाचे थेंब, ठिणग्या, तलवारीची चमक, डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका. मशीननं काय उचललं ते मूळ स्कॅनशी ताडून बघ, विशेषतः मारामारी आणि पावसाच्या रिळांमध्ये. इन्फ्रारेडनं धुळीचा नकाशा काढायची सोय रंगीत फिल्मला चालते. कृष्णधवलला नाही, कारण चांदी इन्फ्रारेडलाही अडवते आणि मग अख्खं चित्रच धूळ ठरतं.

रंगाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिथली आहे.

थ्री-स्ट्रिप टेक्निकलर या जुन्या रंगीत पद्धतीत कॅमेऱ्यातून एकाच वेळी तीन कृष्णधवल निगेटिव्ह जायच्या, लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची एकेक. निगेटिव्हवर रंग नव्हताच. रंग यायचा प्रिंट बनवताना, डाय ट्रान्सफरनं, म्हणजे एकेक रंग प्रिंटवर छापून. त्यामुळे रंग निगेटिव्हमध्येच असणाऱ्या पुढच्या ईस्टमनकलरसारख्या त्या निगेटिव्ह विटल्या नाहीत, हे आपलं नशीब. पण तिन्ही फिल्म वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्या, आणि एकमेकींवर ठेवल्या की कडांना रंगीत झालर दिसते. ती झालर आपण आज डिजिटल पद्धतीनं तंतोतंत जुळवू शकतो. 'द विझार्ड ऑफ ऑझ' असाच जुळवला गेला, तेव्हा बुजगावण्याच्या चेहऱ्यावरच्या गोणपाटाची वीण दिसायला लागली. छान वाटतं बघायला. पण इथेच सावध व्हायचं असतं, कारण १९३९ च्या प्रिंटमध्ये डाय थोडा पसरायचा, आणि सेटवरचे लोक त्या पसरण्याचा हिशेब धरूनच काम करत होते.

१९५३ चा 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' घे. मंगळावरून आलेली अंतराळयानं बारीक तारांवर टांगलेली होती. तेव्हाच्या डाय ट्रान्सफर प्रिंटमध्ये त्या तारा झाकल्या जायच्या. पुढे दुसऱ्या पद्धतीच्या प्रती आणि व्हिडिओ आले तशा तारा उघड्या पडल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यांना हसत राहिले. पॅरामाउंटच्या २०१८ च्या रिस्टोरेशनमध्ये त्या पुसल्या गेल्या. कुणी म्हणेल ही ढवळाढवळ आहे. मला वाटतं, ते बरोबर केलं, कारण जुनी प्रिंट साक्षीला होती. पहिल्या प्रेक्षकाला तारा दिसल्या असत्या तर मी उलट म्हणालो असतो.

'द गॉडफादर'चं मूळ निगेटिव्ह इतक्यांदा प्रिंट काढून झिजलं होतं की ते मशीनमधून नेणंही धोक्याचं होतं. २००८ मध्ये रिस्टोरेशनचे जाणकार रॉबर्ट हॅरिस यांनी ते हाती घेतलं तेव्हा रंगासाठी आधार धरला तो जुन्या डाय ट्रान्सफर प्रिंटचा, आणि कॅमेरामन गॉर्डन विलिस यांचा सल्ला घेतला. विलिस यांनी पात्रांचे डोळे अंधारात ठेवले होते ते मुद्दाम. सावलीत 'तपशील' आणायचा मोह झाला की हा सिनेमा आठव. निगेटिव्हमध्ये तपशील असतो. म्हणून तो दाखवायचाच असतो असं नाही.

पुरावा दिग्दर्शकापेक्षाही मोठा असतो का? अवघड प्रश्न. 'द फ्रेंच कनेक्शन'च्या २००९ च्या ब्लू-रेसाठी दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी स्वतः बसून रंग बदलले. कॅमेरामन ओवेन रॉइझमन यांनी त्यावर जाहीर नापसंती दाखवली. २०१२ च्या आवृत्तीत रंग पुन्हा मुळाकडे आणले गेले. मी रॉइझमन यांच्या बाजूचा आहे. चाळीस वर्षांनी दिग्दर्शकाला वेगळा सिनेमा हवासा वाटू शकतो, तो त्यानं जरूर करावा, पण १९७१ चा सिनेमा त्या नव्या इच्छेखाली गाडला जाऊ नये. तुझ्यासमोर असा प्रसंग आला तर वाद तू घालायचा नाहीस, ते तुझ्या सुपरवायझरचं काम. तू मूळ ग्रेडचा, म्हणजे मूळ रंगजुळणीचा, मास्टर जपून ठेवायचा, एवढं मात्र तुझ्याच हातात असतं.

एचडीआरबद्दल, म्हणजे जास्त उजळ चित्र दाखवू शकणाऱ्या नव्या पद्धतीबद्दल, थोडक्यात. थिएटरमधल्या पडद्यावर पांढरा रंग साधारण ४८ निट्सचा (निट हे उजेडाचं माप) असायचा. आता तुझ्या मॉनिटरवर १००० निट्स आहेत. म्हणून दिव्याचा झोत टीव्ही फोडून बाहेर यावा असं नाही. जास्तीची जागा ठळक ठिकाणचे बारकावे कापले जाऊ नयेत म्हणून वापर.

चौकटीचंही तेच. 'शेन' जुन्या १.३७ च्या चौकटीसाठी (उंचीच्या १.३७ पट रुंदी) चित्रित झाला, पण १९५३ मध्ये रुंद पडद्याची लाट आल्यावर वरून-खालून कापून १.६६ मध्ये दाखवला गेला. २०१३ च्या ब्लू-रेसाठी आधी १.६६ ठरलं होतं, सिनेमाप्रेमींनी आवाज उठवल्यावर १.३७ मध्ये निघाला. इथे 'पहिल्या दिवशी पडद्यावर जे होतं ते' हा माझा नियमच अपुरा पडतो, कारण पडद्यावर कापलेलं होतं आणि कॅमेऱ्यामागच्या माणसानं अख्खं बघितलं होतं. म्हणून प्रिंटबरोबर कागदही मागत जा: कॅमेरा रिपोर्ट, लॅबची टायमिंग कार्डं (प्रिंट किती उजेडात, कुठल्या रंगात काढली त्याची नोंद), स्टुडिओचा पत्रव्यवहार. 'टच ऑफ ईव्हिल' १९९८ मध्ये एडिटर वॉल्टर मर्च यांनी पुन्हा एडिट केला तो दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी स्टुडिओला लिहिलेल्या ५८ पानी टिपणावरून.

आवाजात तुझं काम नाही, तरी हे लक्षात असू दे. 'व्हर्टिगो'च्या १९९६ च्या रिस्टोरेशनमध्ये पावलांचे, दारांचे आवाज नव्यानं रेकॉर्ड करून स्टिरिओ केले, आणि त्यावर टीका झाली. डिस्कवर मूळ मोनो ट्रॅक असला की अर्धी भांडणं मिटतात.

प्रत्येक वेळी मूळ निगेटिव्ह हाती येईल अशी आशा धरू नकोस. 'सिटिझन केन'चं मूळ निगेटिव्ह आज अस्तित्वात नाही. जे बनतं ते पुढच्या पिढीच्या प्रतींवरून. १९७८ मध्ये रॉचेस्टरला जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये आग लागली आणि झटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मवरच्या निगेटिव्हचा मोठा साठा गेला. आपल्याकडे पुण्यात २००३ मध्ये तेच झालं. म्हणून समोर आलेली प्रत कुठल्या पिढीची आहे हे कामाला हात लावण्याआधी विचार, आणि त्या पिढीकडून मिळेल तेवढीच अपेक्षा ठेव.

आणि खरी प्रिंट बघ, पोरी. सॉफ्टवेअर तू सहा महिन्यांत शिकशील, पण प्रोजेक्टरवरची फिल्म पाहिल्याशिवाय ग्रेन कसा हलतो ते डोळ्याला कळत नाही. मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१५ पासून जतन आणि रिस्टोरेशनच्या कार्यशाळा घेतं, तिथे परदेशातल्या आर्काइव्हचे लोक शिकवायला येतात. पुढची लागली की अर्ज टाक, रजेचं मी तुझ्या सुपरवायझरशी बोलतो.

आता या रिळाचं काय करायचं ते. डीनॉइझची, म्हणजे ग्रेन काढणारी, लेयर पूर्ण बंद कर. पांढरे ठिपके आणि उभे ओरखडे काढ, फ्लिकर, म्हणजे उजेडाची लुकलुक, आवर, स्थिर शॉटमधली थरथर कमी कर. डिझॉल्व्हच्या जागा टाइमकोडसकट वेगळ्या लिहून काढ. ज्या खुणेबद्दल तुला खात्री नाही ती सोड आणि रिपोर्टमध्ये 'सोडली' असं लिहून पुढे कारण लिही. क्लायंटच्या 'क्लीन अँड शार्प'ला उत्तर म्हणून त्याच शॉटच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाठव, कोटाच्या कापडाचा भाग मोठा करून. शब्दांनी वाद घालू नकोस, ती वीणच दाखव. शुक्रवारी मी संध्याकाळी ऑफिसात आहे, रिपोर्ट घेऊन ये.

तुझा,
सर