इंग्लंडमधल्या खासगी शाळेत बिल्डिंग सेफ्टी आणि कम्प्लायन्सचं काम नेमकं काय असतं? फक्त फायली सांभाळायच्या असतात का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात बरीच वर्षं सिव्हिल साइटवर काढल्यावर इंग्लंडमधल्या एका निवासी इंडिपेंडंट स्कूलमध्ये या पदासाठी बोलावणं आलंय, आणि यात इंजिनिअरिंग उरतं की नुसती सर्टिफिकेटं गोळा करावी लागतात, अशी शंका आहे. मी अशाच एका शाळेत हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे लक्षात घ्या की इथे फायर एनओसी नावाचा प्रकार नाही. आपल्याकडे अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला असतो, दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यायचा असतो. इंग्लंडमध्येही १९७१च्या कायद्याखाली फायर सर्टिफिकेट मिळायचं. पण २००५चा फायर सेफ्टी ऑर्डर १ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि ती पद्धत संपली. आता ज्याच्या ताब्यात इमारत, त्यानेच धोका तपासायचा, लिहून काढायचा आणि उपायही करायचे. फायर ब्रिगेडचा अधिकारी येतो तो हे सगळं केलंय का हे बघायला. तुमची इमारत सुरक्षित आहे असं लिहून देणारं वर कोणी नाही.

सरकारी शाळेमागे निदान कौन्सिल (स्थानिक प्रशासन) किंवा शाळा चालवणाऱ्या अकॅडमी ट्रस्टचं इमारती सांभाळणारं खातं असतं. इंडिपेंडंट शाळा बहुतेक करून धर्मादाय ट्रस्ट असतात. कायद्याने जबाबदारी गव्हर्नर्सची, म्हणजे शाळेच्या नियामक मंडळाची, पैशाच्या चाव्या बर्सरकडे, म्हणजे शाळेचा हिशेब आणि कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, आणि खरी परिस्थिती ठाऊक असणार तुम्हाला. शिवाय इंडिपेंडंट शाळांसाठी २०१४चे वेगळे नियम आहेत. त्यात फायर ऑर्डर पाळणं, धोक्यांचं मूल्यमापन, इमारतीची अवस्था हे सगळं येतं. तपासणीला आयएसआयचे (इंडिपेंडंट स्कूल्स इन्स्पेक्टोरेट, खासगी शाळा तपासणारी संस्था) लोक येतात, तेव्हा प्रत्येक निकषापुढे 'मेट' (पूर्ण) किंवा 'नॉट मेट' (अपूर्ण) एवढाच शेरा मिळतो. अधलंमधलं काही नाही.

आता फायलींचं. फायली आहेत, भरपूर आहेत. गॅसची तपासणी वर्षाला, लिफ्टची सहा महिन्यांनी, वायरिंगची पाच वर्षांनी, फायर अलार्मची चाचणी दर आठवड्याला, इमर्जन्सी लाइट दर महिन्याला आणि वर्षातून एकदा पूर्ण तीन तास बॅटरीवर. ही कामं बाहेरचे कंत्राटदार आणि आपली साइट टीम करते. चांगलं कॅलेंडर लावलं की हा भाग आपोआप चालतो.

खरं काम तपासणीचा रिपोर्ट आल्यावर सुरू होतं. फायर रिस्क असेसमेंट, म्हणजे आगीच्या धोक्याचं मूल्यमापन, करणारा सल्लागार चाळीसेक पानं देऊन जातो. शेवटी तक्ता असतो: अमुक दरवाजा नीट लागत नाही, तमुक पार्टिशनमध्ये केबलसाठी पाडलेलं भोक बुजवलेलं नाही. रिपोर्ट कपाटात असणं आणि त्यातला प्रत्येक शेरा मिटलेला असणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. उद्या काही विपरीत घडलं तर न मिटवलेला शेरा हा 'तुम्हाला माहीत होतं' याचा पुरावा ठरतो. आमच्याकडे प्रत्येक शेऱ्यापुढे नाव, तारीख आणि काम झाल्याचा फोटो लागतो. फोटो नाही तर काम झालं असं मी धरत नाही.

तुमचं इंजिनिअरिंग कुठे लागेल याचं एक उदाहरण सांगते. आमची मुख्य इमारत व्हिक्टोरियन काळातली आहे, ग्रेड टू लिस्टेड. म्हणजे वारसा यादीतली, कौन्सिलच्या संमतीशिवाय तिच्या रूपात बदल करता येत नाही. जिन्याकडे उघडणारे दरवाजे जुन्या ओकचे. चौकट भक्कम, पण मधल्या फळ्या पातळ, आणि आग लागली तर पहिल्यांदा तिथूनच आरपार जाणार. सल्लागार म्हणतो अर्धा तास आग थोपवणारा दरवाजा हवा, वारसा अधिकारी म्हणतो या दरवाजांना हात लावू नका. दोघांचंही बरोबर असतं. मग उष्णतेने फुगणारा खास लेप फळ्यांना, तशाच पट्ट्या कडांच्या खाचेत, दरवाजा आणि चौकट यांत फट तीनेक मिलिमीटर राहील असं जोडकाम, आणि वर दरवाजा आपोआप लावणारा क्लोजर. हे कागदावर मांडून दोन्ही बाजूंना पटवायला आम्हाला कित्येक महिने लागले, पण दरवाजे जुनेच राहिले आणि आज ते आग अडवतीलही.

एवढं करून शिक्षक त्याच दरवाजाला खुर्ची लावून तो उघडा ठेवतात. त्यांच्यावर ओरडू नका. हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन दिवसातून वीस वेळा जड दरवाजा ढकलणाऱ्या माणसाची अडचण खरी आहे. तिथे अलार्म वाजताच सुटणारा मॅग्नेटिक होल्डर लावून घ्या, खुर्ची आपसूक जाईल.

निवासी शाळेत पाण्याकडेही तितकंच लक्ष लागतं. २० ते ४५ अंशांच्या मधल्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा न्यूमोनियासारखा आजार करणारा जिवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून थेट फुप्फुसात जातो. म्हणून गरम पाणी टाकीत ६० अंशांवर ठेवायचं, गार पाणी २०च्या खाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत बोर्डिंग हाउस रिकामं असलं तरी दर आठवड्याला नळ सोडावे लागतात. शॉवर सोडताना त्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधायची, तिचा खालचा एक कोपरा कापायचा आणि मग पाणी सोडायचं, म्हणजे तुषार उडत नाहीत आणि सोडणाऱ्यालाही धोका राहत नाही. हे तुम्ही स्वतः एकदा साइट टीमबरोबर सगळ्या मजल्यांवर करा. कुठली खोली कायम बंद असते, कुठला नळ कोणीच वापरत नाही, हे ड्रॉइंगवर दिसत नाही.

अॅस्बेस्टॉसवर (जुन्या बांधकामातला, फुप्फुसांना घातक तंतू) जास्त लिहीत नाही, कारण त्याचं रीतसर प्रशिक्षण मिळेलच. इथे त्याच्यावर संपूर्ण बंदी १९९९मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या कुठल्याही इमारतीत ते असू शकतं असंच धरून चालायचं. वाय-फायवाला छतात छोटंसं भोक पाडायला आला, तरी आधी अॅस्बेस्टॉस कुठे आहे याचं रजिस्टर त्याला दाखवून त्याची सही घ्यायची, मगच ड्रिल. त्याला दुसरीकडे जायची घाई असते. तुम्ही हलू नका.

इमारतीच्या सांगाड्याचा प्रश्नही येतो. २०१८मध्ये केंटमधल्या एका प्राथमिक शाळेचं हलक्या सच्छिद्र काँक्रीटचं छत कोसळलं. सुट्टीचा दिवस होता म्हणून जीव वाचले. याच काँक्रीटला इथे 'रॅक' म्हणतात. ३१ ऑगस्ट २०२३ला, शाळा उघडायच्या तोंडावर, सरकारने शंभराहून जास्त शाळांना असे भाग बंद करायला सांगितलं. तुम्ही स्लॅब आणि बीम बघितलेले आहेत, छताखाली उभं राहून काय विचारायचं ते तुम्हाला कळेल. इथल्या बऱ्याच कम्प्लायन्स मॅनेजरांना ते कळत नाही, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे.

मला हे काम का महत्त्वाचं वाटतं तेही सांगते. १६ जुलै २००४ला कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं गेली. स्वयंपाकाच्या चुलीपासून गवती छपराने पेट घेतला आणि बाहेर पडायला अरुंद जिना. या गोष्टी आगीच्या आदल्या दिवशीही तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होत्या. आमच्या बोर्डिंगमध्ये रात्रीची ड्रिल असते तेव्हा झोपेतून उठून पायजम्यात मैदानावर आलेली पोरं मी मोजते. आकडा जुळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो, ड्रिल आहे हे माहीत असूनही.

तयारीचं विचारलंत, तर नेबॉश जनरल सर्टिफिकेट (कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा इथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम) करून घ्या, तुमच्या अनुभवाला त्याची जोड लागतेच. मुलांच्या जागी काम असल्याने डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी होईल आणि भारतातला पोलिसांचा चारित्र्य दाखलाही मागतील, तो आत्ताच काढायला टाका.

आणि मुलाखतीत बर्सरना दोन प्रश्न विचाराच. फायर रिस्क असेसमेंटमधले किती शेरे अजून उघडे आहेत, आणि त्यातला सगळ्यात जुना केव्हाचा? जुने शेरे असतील तर घाबरू नका, जुन्या इमारतीत ते असायचेच. पण कुठला कशामुळे अडलाय, पैशामुळे की परवानगीमुळे, आणि तोवर काय सोय केलीय, हे त्यांना तिथल्या तिथे सांगता येत असेल, तर ती जागा घ्या. सांगता आलं नाही, तर गव्हर्नर्सपर्यंत थेट रिपोर्ट करायची मुभा ऑफर लेटरमध्ये लेखी मागा.