ओलं झालं की भंगाराचाही कचरा होतो: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: आम्ही कचरा वेगळा करतो, मग तो पुढे विकला का जात नाही? त्यातलं सविस्तर पत्र पहिलं घेतलं आहे.

आमच्या ४८ घरांच्या सोसायटीत दीड वर्षापासून ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवतात. तरी भंगारवाला सुक्यातला निम्मा माल घ्यायला नकार देतो. आमचं काय चुकतंय?
*(सोसायटीच्या सचिव, कोथरूड, पुणे)*

वेगळं करण्याची पहिली पायरी तुम्ही नीट पार पाडली आहे. अडचण पुढच्या पायरीवर आहे. भंगारवाला तीन गोष्टी पाहतो: माल कोरडा आहे का, एकाच जातीचा आहे का आणि वजनाला पुरेसा आहे का. आमटीचा डबा न धुता सुक्यात टाकला की खालची सगळी रद्दी ओली होते. ओल्या कागदाचं वजन खोटं असतं, म्हणून तो तूट धरतो. दोन दिवसांत त्यावर बुरशी आली की कागद कारखानाही तो माल परत पाठवतो, कारण त्यातले तंतू कुजलेले असतात.

सोसायटीत ‘सुका कचरा’ असा एकच मोठा डबा ठेवू नका. पार्किंगच्या कोपऱ्यात लोखंडी पाइपला गोण्या टांगा आणि प्रत्येकीवर चित्र लावा: रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, पातळ प्लास्टिक, जाड प्लास्टिक, काच, धातू आणि वेफर्स-बिस्किटांची वेष्टनं. आठ गोण्या ऐकायला जास्त वाटतात. पण घरात एकच सुका डबा ठेवायचा आणि गोणीशी आल्यावर मिनिटभरात वाटून टाकायचा. मीटरच्या खोलीजवळ मात्र जागा देऊ नका. तिथे कागद साठवणं आगीला आमंत्रण आहे.

दुधाच्या पिशवीबद्दल जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण रोजचं नुकसान तिथेच होतं. ही पिशवी चांगल्या प्लास्टिकची असते आणि तिला गिऱ्हाईक आहे. पण कोपरा पूर्ण कापला की तो चिमुकला तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात जातो. कोपऱ्याला चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच लटकू द्या. रिकामी झाल्यावर दोन चमचे पाणी घालून हलवा, ते पाणी चहात किंवा कुंडीत ओता आणि पिशवी रात्रभर दोरीवर उलटी टांगा. न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी आंबते, आणि ती दुर्गंधी वर्गीकरण करणाऱ्या बाईच्या हातांना सोसावी लागते.

पाण्याच्या बाटल्या चेपून, झाकण लावून द्या. झाकण वेगळ्या प्लास्टिकचं असलं तरी अडत नाही. कारखान्यात बाटलीचे बारीक तुकडे करून पाण्यात सोडले की बाटलीचं प्लास्टिक बुडतं आणि झाकणाचं तरंगतं. आवळून बसवलेलं वेष्टन मात्र काढून टाका. ते बहुधा पीव्हीसीचं असतं, बाटलीच्या तुकड्यांसोबतच बुडतं आणि वितळवताना आम्ल सोडून सगळा माल पिवळा पाडतं.

आता ज्याला भाव नाही त्याविषयी. तेलकट पुठ्ठा फाडून ओल्या कचऱ्यात घाला. दुकानाच्या यंत्रातून येणारी गुळगुळीत बिलं आणि कागदी चहाचे कप रद्दीत टाकू नका, कपाच्या आत प्लास्टिकचा थर असतो. वेफर्सच्या वेष्टनात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. ते सुटे होत नाहीत, म्हणून कोरडी वेष्टनं बहुतांशी सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. थर्माकोल म्हणजे जवळजवळ सगळी हवाच. टेम्पो भरला तरी वजन इतकं कमी भरतं की भाडंही सुटत नाही. फ्रिज किंवा टीव्ही घरी येतो तेव्हाच दुकानदाराला ते परत न्यायला लावणं हाच त्यावर शहाणा उपाय.

वापरलेले पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर ठळक लाल ठिपका काढा. फुटलेली काचही तशीच गुंडाळून वर ‘काच’ असं लिहा.

एक गोष्ट सोसायटीच्या सभेत उघडपणे ठरवा. पुण्यात घरोघरी कचरा घेणाऱ्या कष्टकरी बायका ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. ती संस्था १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेतून उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी तिचा करार झाला. या बायकांची कमाई घरटी शुल्क आणि सुका माल विकून येणारे पैसे, अशी दोन्हींची मिळून होते. पुठ्ठा, रद्दी आणि पत्रा सोसायटीने विकायचा आणि त्यांच्या वाट्याला फक्त वेष्टनं ठेवायची, हे आम्हाला मुळीच पटत नाही. सगळा माल त्यांनाच द्या, किंवा सोसायटी विकणार असेल तर त्यांचा हिस्सा आधी ठरवा.

शेवटी एक काटा टांगा आणि वहीत जातवार वजन लिहा. तीन महिन्यांत कोणती गोणी विकली जात नाही ते स्पष्ट दिसतं, मग त्या वस्तूंची खरेदीच कमी करता येते. पावसाळ्यात माल पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा.

६० घरांच्या सोसायटीत खताचे दोन हौद बांधले. वास आणि अळ्या यांमुळे रहिवासी ते बंद करा म्हणताहेत.
*(निगडी)*

आधी वास कोणता आहे ते ओळखा. कुजक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा पोचत नाही. डोळ्यांना झोंबणारा, अमोनियासारखा असेल तर हिरवा, ओला माल जास्त झाला आहे. दोन्हींवर औषध एकच: सुका पाला.

घरटी रोज अर्धा किलो धरला तरी तुमच्याकडे दिवसाला ३० किलो ओला कचरा येतो. एक बादली ओल्या कचऱ्यावर एक बादली सुका पाला, हे प्रमाण रोज पाळा. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नायट्रोजन भरपूर आणि कार्बन कमी असतो. पाला ती उणीव भरून काढतो, शिवाय थरांमध्ये हवेला वाट ठेवतो. ओलावा मुठीने तपासा. मूठभर माल दाबल्यावर एक-दोन थेंब गळाले तर ठीक. धार लागली तर आणखी पाला घाला, चुरा होऊन सुटला तर पाणी शिंपडा.

दोन हौद तुम्हाला अपुरे आहेत, आणि खरा घोटाळा बहुधा इथेच आहे. ३० किलो रोज म्हणजे पंधरा दिवसांत ४५० किलो, वर पाला वेगळा. साधारण एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच असे चार हौद लागतात. प्रत्येक हौद पंधरा दिवसांत भरतो आणि चौथा भरेपर्यंत पहिला रिकामा करायला येतो. दोनच हौद असले की अर्धवट कुजलेल्या मालावर ताजा कचरा पडत राहतो आणि काहीच धड तयार होत नाही. भिंतीत विटांच्या फटी ठेवा. तळाशी वीतभर काटक्यांचा थर द्या, पाणी निथळायला आणि हवा यायला.

भरल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आतलं तापमान ५५ ते ६० अंशांवर जायला हवं. लोखंडी सळई दहा मिनिटं आत खुपसून बाहेर काढा. हात लावल्यावर चटका बसला तर काम चालू आहे. सळई गार लागली तर माल कोरडा पडला आहे किंवा ढीग फार लहान आहे. आठवड्यातून एकदा फावड्याने वरचा माल खाली आणि खालचा वर करा.

अळ्यांचं म्हणाल तर चपट्या, करड्या-तपकिरी, जाड कातडीच्या अळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या कचरा झपाट्याने खातात आणि त्यांची माशी घरात घोंगावत नाही. त्यांना मारू नका. पांढऱ्या, मऊ अळ्या घरमाशीच्या असतात. त्या दिसल्या तर वरचा कचरा उघडा राहतोय. रोज टाकल्यावर चार बोटं जाड पाल्याचा थर द्या.

विकतच्या कल्चरची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या मिश्रणाची, गरज नाही. जुनं खत बादलीभर किंवा शेणाचं पाणी पुरतं. नारळाच्या करवंट्या आणि हाडं घालू नका, आंब्याच्या कोया तुकडे केल्याशिवाय टाकू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाल्याची साठवण. हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत झाडं पानं गाळतात आणि तोच पाला शहरात सर्रास जाळला जातो. तेव्हाच गोण्या भरून पत्र्याखाली ठेवा, पावसाळ्यात एकही सुकं पान मिळत नाही. पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहर यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, फणस, रबर यांची पानं चेचून किंवा कापून घाला.

दोन महिन्यांनी खत काळसर, भुसभुशीत होतं आणि वजन चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतं. ओंजळभर खत प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर पावसाच्या मातीचा वास आला तर चाळा आणि वापरा.

माझं पोळी-भाजी केंद्र आहे. प्लास्टिकचे डबे बंद केले, पण ‘विघटनशील’ म्हणून विकायला येणारे डबे घ्यावेत का?
*(नाशिक)*

महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आली. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, चमचे, ग्लास, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी आहे. ‘विघटनशील’ डबे मोठ्या खत प्रकल्पातल्या टिकून राहणाऱ्या उष्णतेत कुजतात, कुंडीत किंवा नाल्यात नाही. दिसायला ते नेहमीच्या प्लास्टिकसारखे असतात, म्हणून गोणीत मिसळले तर चांगल्या मालाचाही भाव पाडतात. घ्यायचेच असतील तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र पाहून घ्या. कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्याही प्लास्टिकच्याच असतात, त्यांना फसू नका.

आमचा सल्ला अनामत रकमेवर स्टीलचे डबे देण्याचा आहे. रोज ४० नेहमीची गिऱ्हाइकं असतील तर १०० डबे लागतात: ४० गिऱ्हाइकांकडे, ४० धुऊन वाळत आणि २० उशिरा परत येणाऱ्यांसाठी. प्रत्येक डब्यावर आणि झाकणावर एकच क्रमांक कोरून घ्या. झाकणांची अदलाबदल झाली की डबा गळतो, आणि गळलेला डबा गिऱ्हाईक पुन्हा घेत नाही. अनामत डब्याच्या किमतीइतकी ठेवा. त्याहून कमी ठेवली तर डबे परत येत नाहीत. स्वतःचा डबा आणणाऱ्याला दोन रुपये सूट द्या आणि ती पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा. उभ्याने खाणाऱ्यांसाठी पळसाच्या पत्रावळी, द्रोण किंवा सुपारीच्या विरीच्या ताटल्या घ्या. त्या थेट खताच्या हौदात जातात.

तळणाचं उरलेलं तेल विकत घ्यायला माणूस येतो. द्यावं का?
*(वडापाव विक्रेते, सांगली)*

तो ते कुठे नेतो हे लेखी देत नसेल तर देऊ नका. असं तेल गाळून पुन्हा खाद्यतेलात मिसळलं जाण्याची भीती असते. तळणाच्या तेलातली ‘एकूण ध्रुवीय संयुगं’ (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते खाण्यासाठी वापरता येत नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. नेमकं प्रमाण मोजायला मीटर लागतो. पण घाणा टाकताच फेस वर येणं, कमी आचेवर धूर निघणं आणि तेल चिकट होणं ही ते टाकून द्यायची लक्षणं आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वापरलेलं तेल बायोडिझेलकडे वळवण्याची योजना आखली आहे. त्यातला नोंदणीकृत संकलक गाठा. तेल गार करून कापडाने गाळा आणि कोरड्या पत्र्याच्या डब्यात भरा. पाणी आणि चुरा राहिला की भाव पडतो. गाडीचं वंगण तेल त्यात मिसळलं तर सगळा डबा वाया गेला.

प्लास्टर ऑफ पॅरिसची गणेशमूर्ती घरच्या घरी विरघळवता येते का?
*(ठाणे)*

येते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली ही रीत पुण्यात अनेक घरांत वापरली जाते. मूर्ती बुडेल एवढ्या बादलीत पाणी घ्या, पाणी मूर्तीच्या वजनाच्या निदान पाचपट हवं. मूर्तीच्या वजनाइतकंच अमोनियम बायकार्बोनेट त्यात विरघळवा. हार, दागिने, कापड आधी काढा. दर दोन-तीन तासांनी ढवळा, साधारण ४८ तास लागतात. ढवळलं नाही तर मूर्तीवर खडूचा थर जमतो आणि पाणी आत पोचत नाही. बहुतेक अपयश यामुळेच येतं. वायू निघतो आणि वासही येतो, म्हणून बादली गच्चीत ठेवा आणि झाकण घट्ट लावू नका. तळाला साचतो तो कॅल्शियम कार्बोनेट, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खत. ते फार तीव्र असतं. लिटरभर साध्या पाण्यात दोन चमचे एवढंच मिसळा आणि फक्त शोभेच्या झाडांना द्या. मूर्तीच्या रंगात काय असेल सांगता येत नाही, त्यामुळे भाजीच्या वाफ्यात नको.

मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्या भंगारात दिल्या तर चालतील का?
*(कोल्हापूर)*

नाही. गोणीत दाबली गेली की अशी बॅटरी पेट घेते आणि भोवतालची रद्दीही जाळते. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या डब्यात सुटी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रावर द्या. टोचून हवा काढायला जाऊ नका.