गोळी झाडली, 'स्वतःला वाचवलं' म्हणाला, मग केस लागते की नाही?

प्रश्न: नमस्कार वकीलबाई. आमच्या वाड्यावर संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसलो की हल्ली हाच विषय. कुणीतरी मोबाइलवर फ्लोरिडाचा जुना व्हिडिओ दाखवला, दुकानासमोर पार्किंगवरून भांडण, एकाने ढकललं, दुसऱ्याने पडल्या जागेवरूनच पिस्तूल काढून गोळी घातली, माणूस मेला आणि पोलिसांनी अटकच केली नाही म्हणे. सेल्फ डिफेन्स म्हटलं की सुटला? आपल्याकडे झालं असतं तर? घरात वडिलांच्या नावावरची पीक राखायची बंदूक आहे, रानडुकरं आणि माकडं काही ठेवत नाहीत, म्हणून जरा जास्तच विचार पडला. – एक वाचक, वाळपई

उत्तर: तो व्हिडिओ मलाही कितीतरी जणांनी फॉरवर्ड केलाय, आणि बहुतेकांना पुढची गोष्ट माहीतच नाही. घटना क्लीअरवॉटरची, १९ जुलै २०१८. तिथल्या शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने, अटक केली नाही हे खरं, पण शेरीफचं म्हणणं शेवटचं नसतं. कागद सरकारी वकिलाकडे गेले आणि १३ ऑगस्टला त्याने मनुष्यवधाचा आरोप ठेवला. पुढच्या वर्षी ज्युरीने दोषी ठरवलं, २० वर्षं शिक्षा झाली. दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसतं ते बघा, पिस्तूल बाहेर आल्यावर ढकलणारा माणूस मागे सरकलाय, आणि गोळी त्यानंतर सुटलीय. सगळी केस त्या काही क्षणांवर फिरली.

आता शेरीफने आधी हात का आखडला, तर फ्लोरिडाने २००५ मध्ये कायदाच तसा केला. तुम्ही जिथे हक्काने उभे आहात तिथून मागे हटायची सक्ती नाही, आणि बळ बेकायदा वापरलं असं मानायला पुरेसं कारण मिळेपर्यंत पोलिसांनी अटक करायची नाही. म्हणजे बचाव खरा की खोटा हा प्रश्न, जो आपल्याकडे खटल्यात सुटतो, तो तिथे पोलीस चौकीतच उभा राहतो.

याचा सगळ्यात गाजलेला नमुना फ्लोरिडातल्याच सॅनफोर्डचा. २६ फेब्रुवारी २०१२ ला जॉर्ज झिमरमन नावाच्या, वसाहतीत गस्त घालणाऱ्या माणसाने १७ वर्षांच्या ट्रेव्हॉन मार्टिनला गोळी घातली. मुलाकडे शस्त्र नव्हतं. झिमरमनच्या नाकाला आणि डोक्याच्या मागे जखमा होत्या, हेही खरं. पोलिसांना त्याने आधी स्वतःच फोन केला होता आणि मुलाच्या मागे जायची गरज नाही असं त्याला फोनवर सांगितलेलं, ते रेकॉर्डवर आहे. शेजाऱ्यांनी केलेल्या दुसऱ्या एका कॉलमध्ये कुणीतरी ओरडतंय, तो आवाज आपल्याच माणसाचा असं दोन्हीकडचे लोक सांगत राहिले. पोलिसांनी चौकशी करून त्याला घरी सोडलं. मग देशभर मोर्चे, गव्हर्नरने वेगळी सरकारी वकील नेमली, अँजेला कोरी, आणि ११ एप्रिलला सेकंड डिग्री मर्डरचा, म्हणजे तिथल्या दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा, आरोप लागला. १३ जुलै २०१३ ला ज्युरीने त्याला सोडलं.

लोक दोन्ही बाजूंनी चिडले. मला मात्र गोळी आणि आरोप यांच्या मधला तो दीड महिना खुपतो. माणूस सुटला याबद्दल ज्युरीशी वाद घालता येईल, नाही तर नाही, पण निदान साक्षीदार उभे राहिले, उलटतपासणी झाली, सगळ्यांनी ऐकलं. मोर्चे निघाले नसते तर हे सगळं एका ठाण्यातल्या टेबलावरच मिटलं असतं. आणि उलटं पण बघा, मोर्चे निघाले म्हणून जास्त गंभीर आरोप लावला आणि तो सिद्ध करता आला नाही, अशीही टीका झालीच, आणि ती मला अगदीच चुकीची वाटत नाही.

आता आपल्याकडे. समजा सत्तरी तालुक्यात कुणाच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, रात्री माणूस शिरला आणि मालकाने बार काढला, माणूस गेला. पोलीस येणार, पंचनामा, बंदूक जप्त, रिकामं काडतूस, रक्ताची माती, सगळं सील करून फॉरेन्सिकला, आणि एफआयआर बहुतेक खुनाचाच. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ म्हणायचो, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. 'साहेब मी जीव वाचवायला मारला' हे पोलीस लिहून घेतील पण तेवढ्यावर सोडणार नाहीत. खुनाच्या केसमध्ये ९० दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, म्हणून ती सहसा त्याआधी येतेच. आरोप कुठला ठेवायचा ते शेवटी सेशन्स जज ठरवतो, पोलीस नाही आणि सरकारी वकील पण नाही. आणि त्या टप्प्यावर तुमचा बचाव खरा का हे जज सहसा बघत नाही, सकृतदर्शनी केस उभी राहते का एवढंच बघतो.

बचावाचा हक्क कायद्यात आहे, चांगला भक्कम आहे, न्याय संहितेचं कलम ३४ ते ४४. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी खरी भीती असेल, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला असेल, तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हक्क जातो. मालमत्तेसाठी मात्र यादी छोटी: दरोडा किंवा जबरी चोरी, सूर्यास्तानंतर घर फोडून शिरणं, राहत्या घराला आग लावणं, किंवा अशी चोरी की जिच्यात तुमच्या जिवावरच बेतेल. काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, कुणी बोंडं गोळा करतोय, त्याला गोळी? अजिबात नाही. आणि कलम ३७ विसरू नका, पोलिसांना बोलवायला वेळ होता तर हक्कच नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. म्हणून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी लागलेली असली की आम्हा वकिलांचं तोंडच बंद होतं.

बचाव सिद्ध करायचा भार आरोपीवर, पण सरकारी पक्षासारखा कडक नाही, 'असं घडलं असणं जास्त शक्य आहे' एवढं दाखवलं तरी पुरतं. हक्क होता पण प्रामाणिकपणे मर्यादा ओलांडली असं निघालं तर खून नाही, कलम १०५ चा सदोष मनुष्यवध. अशा केसमध्ये निम्मी लढाई १०३ की १०५ एवढ्यावरच चालते.

पंजाबची दर्शन सिंग केस वाचण्यासारखी आहे. १९९१ ची घटना, शेतजमिनीवरून भांडण, वडिलांवर गंडासा (लांब दांड्याचा कोयता) चालला तेव्हा मुलाने गोळी झाडली. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरलं आणि जानेवारी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने परत सोडलं. अंगावर हत्यार येत असताना माणूस मोजूनमापून वार करू शकत नाही हे कोर्टाला कळतं, पण कळेपर्यंत साडेअठरा वर्षं गेली ना. तरीही मला आपली पद्धत बरी वाटते, फ्लोरिडासारखं चौकीत ठरण्यापेक्षा, फक्त जामीन तरी लवकर मिळायला हवा अशा केसमध्ये.

शेवटी तुमची बंदूक. वडिलांच्या नावावरची म्हणालात, वडील हयात आहेत का ते लिहिलं नाहीत. हयात असतील तर बार काढायचा अधिकार त्यांचा, तुमचा नाही, नंतर बचाव मान्य झाला तरी आर्म्स ॲक्टचं लचांड वेगळं मागे लागतं. वारले असतील तर बंदूक उगाच उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा आणि वारस म्हणून स्वतःच्या नावाच्या लायसन्ससाठी अर्ज घाला.

प्रश्न: समजा पोलिसांनीच 'सेल्फ डिफेन्स आहे' म्हणून फाइल बंद केली, तर मेलेल्याच्या घरच्यांनी काय करायचं? – एक वाचक, मडगाव

उत्तर: पोलीस स्वतःहून फाइल बंद करू शकत नाहीत, क्लोजर रिपोर्ट मॅजिस्ट्रेटकडे द्यावा लागतो. आणि मॅजिस्ट्रेटने तो स्वीकारण्याआधी फिर्याद देणाऱ्याला नोटीस देऊन ऐकून घ्यायलाच हवं, सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच सांगितलंय. घरच्यांपैकी कुणी फिर्यादी नसेल तर नोटीस येईलच असं नाही, पण सुनावणीत हजर राहून म्हणणं मांडता येतं, त्यामुळे तारखेवर डोळा ठेवा. प्रोटेस्ट पिटिशन, म्हणजे त्या रिपोर्टला हरकतीचा अर्ज, घाला. मॅजिस्ट्रेट आणखी तपास सांगू शकतो किंवा रिपोर्ट बाजूला ठेवून केस पुढे चालवू शकतो. पण त्याआधी, म्हणजे पहिल्याच आठवड्यात, आजूबाजूच्या दुकानांचं सीसीटीव्ही जपून ठेवा असा लेखी अर्ज ठाण्यात द्या आणि पोच घ्या, कारण बऱ्याच दुकानांचं रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं.