बिल्जमधलं पाणी येतं कुठून?

प्रश्न : आमची फायबरची शिडाची बोट आहे, आत इंजिनही आहे. समुद्रात नुसती बांधून ठेवली तरी आठवड्यात बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी पाणी साठणारी खोलगट जागा) अर्धी बादली पाणी साठतं. शाफ्टचा ग्लँड (पंख्याचा दांडा बोटीतून बाहेर पडतो तिथलं पाणी अडवणारं सील) आवळला, फरक नाही. बोट बाहेर काढण्याआधी काय तपासावं?

उत्तर : ग्लँड आणखी आवळू नका. दोरीचं पॅकिंग असलेल्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच हवेत, त्यावरच पॅकिंग गार राहतं. फार आवळला की पॅकिंग जळतं, शाफ्टला चर पडतो आणि नवीन दोरी भरूनही गळती थांबत नाही.

पाणी खारं की गोडं, हे आधी ठरवा. बिल्जमध्ये जुनं मीठ बसलेलं असतं, त्यामुळे पावसाचं पाणीही खारट होतं. म्हणून बिल्ज गोड्या पाण्याने धुवा, स्पंजने टिपून कोरडं करा आणि नव्याने साठेल तेच पाणी तपासा. चव घेऊ नका, त्यात डिझेल असू शकतं. चमचाभर पाणी स्टीलच्या झाकणीत आटवा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, पांढरा थर लगेच दिसतो.

गोडं निघालं तर बोटीच्या गोड्या पाण्याच्या टाकीत खाण्याचा रंग टाका; बिल्जमध्ये तो दिसला तर पाणी टाकीतलंच. नळ बंद असताना नळांना पाणी पुरवणारा प्रेशर पंप मध्येच सुरू होत असेल, तर गळती त्याच लायनीत आहे. पाणी फक्त पावसानंतर येत असेल आणि डोलकाठी डेकमधून थेट तळापर्यंत जात असेल, तर ते काठीच्या आतून उतरतंय. डेकवर काठीभोवतीची कॉलर बाहेरून कितीही गुंडाळा, ते थांबणार नाही.

खारं असेल तर खरी शोधाशोध. पाणी दिसतं तिथे ते शिरलेलं नसतं; आडव्या पट्ट्यांमधल्या भोकांतून वाहत ते सगळ्यांत खोल जागी येतं. ही भोकं पुट्टीने तात्पुरती बुजवा, म्हणजे प्रत्येक कप्पा वेगळा होईल. मग तळाचा प्रत्येक वॉल्व्ह, होज क्लिप, वेगमापकाची फिटिंग, सुकाणूच्या दांड्याची नळी, कीलचे (तळाखालच्या जड पात्याचे) बोल्ट आणि ग्लँड यांच्याखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा. चोवीस तासांनी पाहा : कोणता टिश्यू भिजला, कोणता कप्पा आधी भरला. कीलच्या बोल्टभोवती गंजाचा ओघळ असेल तर टिश्यूची वाट न पाहता बोट बाहेर काढा.

बांधलेली असताना सगळं कोरडंच राहिलं, तर इंजिन गिअरमध्ये अर्धा तास चालवा आणि कच्च्या पाण्याच्या पंपाखाली (इंजिन गार करायला समुद्राचं पाणी ओढणारा पंप) हात फिरवा. तिथल्या छोट्या भोकातून पाणी ठिबकलं तर पंपाचं सील गेलंय. बोट शिडावर झुकल्यावरच पाणी येत असेल तर डेक आणि बॉडीचा सांधा बघा. तुमच्या बाबतीत ही शक्यता कमी आहे.

आणि शोध चालू असताना वॉल्व्ह जोर लावून फिरवू नका. जुना वॉल्व्ह हातात आला, तर पाण्याखाली अर्ध्या मीटरवरच्या 25 मिमी भोकातून मिनिटाला पन्नासेक लिटर पाणी आत येतं. प्रत्येक वॉल्व्हजवळ त्या मापाची लाकडी गुल्ली बांधलेली हवी.

प्रश्न : पंप बिल्ज कोरडं करतो, पण बंद होताच लिटर-दीड लिटर पाणी परत दिसतं. ही गळतीच ना?

उत्तर : बहुधा नाही. पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपमध्ये उरलेलं पाणी खाली येतं. 25 मिमीच्या तीन मीटर उभ्या पाइपात जवळपास दीड लिटर मावतं. त्यासाठी नॉन-रिटर्न वॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) लावू नका, तो कचऱ्याने अडकतो आणि पंपाचा जोर कमी होतो. उरलेलं पाणी स्पंजने टिपा. मात्र पाणी लिटर-दीड लिटरवर न थांबता वाढतच गेलं, तर पाइपचं बाहेरचं तोंड तपासा. बोट झुकल्यावर ते पाण्याखाली जात असेल, तर सायफनने समुद्र आत ओढला जातोय. पाइपला पाणपातळीच्या बराच वर वळसा द्या आणि त्या वळशाच्या माथ्यावर हवा घेणारा वॉल्व्ह बसवा.