सात महिने इंग्रजी डायरी लिहूनही गाडी तिथंच? माझं उत्तर

परभणीच्या भावानं विचारलंय: सात महिन्यांपासून रोज इंग्रजीत डायरी लिहितो, क्लासचे सर तपासतात, चुका जवळजवळ संपल्या, तरी मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की दोन वाक्यांत गाडी बंद. सोबत वहीच्या एका पानाचा फोटो टाकलाय. तो बघून लिहायला बसलो, कारण असली एक वही माझ्याकडंही पडून आहे.

वाचत जा, ऐकत जा, शब्द पाठ करा हे शंभर जणांनी सांगितलं असणार. ते सोडतो.

पान येळवसीचं, म्हणजे शेतात पूजा करायच्या वेळा अमावस्येचं आहे. शेतात गेलो, पूजा केली, भज्जी खाल्ली, आंबील प्यालो, घरी आलो, झोपलो. सहा वाक्यं, सगळी बरोबर. घोळ तिथंच आहे भाऊ. चुकू शकेल असं वाक्य लिहिणंच तुम्ही सोडून दिलंय. रोज लाल पेन फिरणार म्हटल्यावर माणूस खात्रीच्या वाक्यांबाहेर पाऊल टाकत नाही. शिवाय सर वाचणार, म्हणून त्या दिवशी बांधावरून चुलत्याशी वाजलं असेल तरी ते वहीत उतरणार नाही. एका क्लासच्या असल्याच तपासणीत माझं वर्ष गेलं आणि फीही गेली. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पानाखाली ‘गुड’ आणि सही मिळायची. ‘मग तुला काय वाटलं?’ एवढं कुणी विचारलं नाही.

आता कामाचं. मनातलं लिहायला घेतलं की आपण पहिल्याच ओळीत अडकतो, त्याला कारण आहे. मराठीत भावना आपल्याकडं चालत येतात: मला राग आला, मला लाज वाटली, मला कंटाळा आला. आला तो राग, आपण नुसते ‘मला’. इंग्रजीत तिथं माणूसच कर्ता लागतो: आय गॉट अँग्री, आय फेल्ट अशेम्ड, आय वॉज बोअर्ड. ही अदलाबदल नियम वाचून हातात बसत नाही, पन्नासदा लिहून बसते. त्यातही ‘आय वॉज बोअरिंग’ लिहिलंत तर अर्थ होतो की लोकांना तुमचा कंटाळा येत होता!

दुसरी अडण्याची जागा म्हणजे कोण काय म्हणालं. ‘आई म्हणाली की मी उद्या येते’ हे जसंच्या तसं उतरवलं की ‘माय मदर सेड दॅट आय विल कम टुमारो’ होतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं तुम्हीच येणार. तिथं ‘शी वुड कम द नेक्स्ट डे’ हवं. तिसरी, मागाहून लागणारी हुरहुर. ‘बोलायला नको होतं’ म्हणजे ‘आय शुड नॉट हॅव सेड इट’, ‘हॅव’नंतर क्रियापदाचं तिसरं रूप. गेलो-खाल्लं-आलोच्या डायरीत यातलं एकही वाक्य कधी लागतच नाही. मुलाखतीत मात्र हीच लागतात.

पद्धत साधी आहे. शंभर पानी वही घ्या, उजव्या पानावर लिहा, डावं कोरं ठेवा. दिवसातली एकच गोष्ट, दहा मिनिटं, आठ-दहा ओळी. काय घडलं ते दोन ओळींत उरका. बाकी सगळं काय वाटलं, का वाटलं, पुन्हा तसं झालं तर काय कराल. शब्द अडला की मराठीच लिहून त्याला गोल करा, थांबू नका. नंतर त्यातले तीनच शब्द शोधा, नाहीतर डिक्शनरी चाळण्यातच रात्र जाते. आंबिलीला इंग्रजी शब्द शोधूच नका, ती काय असते ते एका ओळीत समजावून सांगा. आणि आधी मराठीत लिहून मग भाषांतर हा धंदा तर अजिबात नको. आपलं क्रियापद शेवटी येतं, लांब वाक्य उलटवताना कर्ता कुठं आणि कर्म कुठं, काही पत्ता लागत नाही.

दुरुस्ती तिसऱ्या दिवशी करा, डाव्या पानावर, आणि एका आठवड्यात एकाच जातीची चूक धरा. पहिल्या आठवड्यात फक्त भूतकाळ. ‘डिड नॉट वेंट’ सापडेलच, त्याचं ‘डिड नॉट गो’ करा. मग कोण कुणाला म्हणालं ते. ‘अ’ आणि ‘द’ सगळ्यात शेवटी. मराठीत आर्टिकल नाहीच, त्यामुळं ती चूक लवकर जात नाही, आणि तिच्यामुळं अर्थ क्वचितच अडतो.

मोबाईलवरच्या एआयला अख्खा परिच्छेद देऊन ‘दुरुस्त कर’ म्हणाल तर गुळगुळीत इंग्रजी मिळेल, पण ते तुमचं नसेल. ‘चुकीचा शब्द फक्त दाखव, उत्तर सांगू नको’ असं बजावा. घरची भांडणं तिथं टाकणार असाल तर नावं तरी बदला.

मी काही इंग्रजीचा मास्तर नाही, आणि परीक्षेची तयारी यावर भागणार नाही. यूपीएससी मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा पेपर 300 गुणांचा असतो, त्यात 25 टक्के मिळवले की पात्र. पण सारांशलेखन वगैरेचा सराव वेगळाच करावा लागतो.

आज तेच येळवसीचं पान परत लिहा. ‘भज्जी खाल्ली’ तिसऱ्या ओळीच्या आत संपवा आणि त्या दिवशी जे सरांना दाखवलं नसतं तिथून पुढं चला. सरांसाठी जुनी वही चालू राहू द्या, ही वही त्यांच्या टेबलावर जाऊ देऊ नका.