जानेवारीत एकटीने प्राग? रविवारी जा

प्रश्न : ताई, मी नाशिकची, सध्या प्रोजेक्टसाठी ड्रेस्डेनला आहे. जानेवारीत एक दिवस प्रागला जाऊन यायचंय पण सोबत कुणीच नाही. नवरा म्हणतो एवढ्या थंडीत एकटी काय फिरणार. शनिवारी जायचा विचार आहे, मी शाकाहारी आहे. जाऊ का, आणि एका दिवसात काय काय बघू?

उत्तर : जा, नक्की जा! ट्रेनने अडीच तासांच्या आसपास लागतात. फक्त शनिवार नको, कारण शनिवारी यहुदी लोकांचा सब्बाथ म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार असतो आणि योसेफोव्ह म्हणजे जुनी यहुदी वस्ती, तिथली सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळं आणि कब्रस्तान बंद असतं, आणि माझ्या मते एकटीने जाताय तर प्रागमध्ये सगळ्यात आधी बघायची जागा तीच. म्हणून शनिवारी रात्री पोचून मुक्काम करा आणि रविवार पूर्ण हातात ठेवा.

जानेवारीत सूर्य आठला उगवतो आणि चार-साडेचारला मावळतो, तेव्हा सकाळी लोळत पडू नका. उजाडता उजाडता चार्ल्स ब्रिजवर जा, १३५७ मध्ये राजा चौथ्या कार्लने बांधायला घेतलेला पूल, दोन्ही बाजूंना मिळून ३० पुतळे. दिवसा इथे मुंगीला जागा नसते, आठ वाजता मात्र निवांत चालता येतं. नेपोमुकच्या संत यानचा पुतळा शोधा, त्याच्या खालच्या ब्राँझच्या पाटीवर लोक हात लावून लावून तेवढाच भाग सोन्यासारखा चकचकीत झालाय, बाकी पाटी काळीकुट्ट. यानला १३९३ मध्ये इथूनच व्हल्टावा नदीत फेकलं होतं.

नऊला योसेफोव्ह. तिथल्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या जवळजवळ ८० हजार चेक यहुद्यांची नावं हाताने लिहिलीयत, गावागावाप्रमाणे, आणि वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत, घरं, फुलपाखरं, झाडं. तुमची ड्रेस्डेनची गाडी तेरेझिनच्या जवळूनच जाते. इथे कुणाशी बोलावंसं वाटत नाही, म्हणून एकटं असणंच बरं. बाहेर कब्रस्तान, जागा नव्हती म्हणून थरावर थर पुरत गेले, त्यामुळे दगड एकमेकांना टेकून वाकडेतिकडे उभे आहेत. निदान दोन तास द्या.

जुन्या शहराच्या चौकातलं खगोलीय घड्याळ १४१० चं आहे, जाता जाता बघा, पण तासाच्या ठोक्यासाठी थंडीत गर्दीत ताटकळू नका.

जेवणाचं म्हणाल तर 'स्माझेनी सीर' मागा, ब्रेडक्रम्ब लावून तळलेलं चीज, सोबत बटाटे, गरमागरम आणि पोटभर. सूप घेण्याआधी मात्र 'बेझ मासा?' म्हणजे मांस नाही ना, एवढं विचारा, बटाट्याच्या साध्या सूपमध्येही मांसाचं पाणी असू शकतं. आणि हो, तिथे युरो नाही, कोरुना चालतो.

मग स्टारोमेस्त्स्काहून मेट्रोने एकच स्टेशन मालोस्त्रान्स्का आणि तिथून २२ नंबरची ट्राम थेट प्रागच्या किल्ल्यापर्यंत, चढण वाचते. कागदी तिकीट असेल तर मशीनमध्ये पंच कराच, नाहीतर तिकीट असूनही दंड बसतो. किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांसाठी बंद असतं, दुपारी उघडतं, त्यामुळे आपला क्रम बरोबर बसतो. १३४४ ला सुरू झालेलं काम १९२९ ला संपलं. आत शिरल्यावर डावीकडची तिसरी रंगीत काचेची खिडकी चित्रकार आल्फोन्स मुखाची आहे, ती उजेड असतानाच बघा. हिवाळ्यात कॅथेड्रल चारला बंद होतं आणि आत सोडणं त्याच्या थोडं आधीच थांबतं, एक-दीडपर्यंत वर पोचा.

थंडीचं म्हणाल तर जॅकेटपेक्षा बुटांकडे जास्त लक्ष द्या, तिथले दगडी रस्ते बर्फ पडला की भयंकर घसरतात, जाड ग्रिपचे बूट आणि लोकरी मोजे हवेतच. किल्ल्यावरून उतरताना पायऱ्यांचा कठडा धरून उतरा.

परतीची गाडी आधीच बुक करून ठेवा. आणि नवऱ्याची काळजी मिटवायची असेल तर साडेचारला पुलावरून व्हिडिओ कॉल करा, नाशिकला तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात, जेवणंखाणं उरकून तोही निवांत बोलेल.