आजोबांचा विषय काढावा की काढू नये?

गेलेल्या माणसाचा विषय मुलासमोर काढला तर त्याचे दुःख उगाच उकरले जाईल का, हा प्रश्न माझ्याकडे येणारे पालक निरनिराळ्या शब्दांत विचारतात. दादरच्या एका आईने तो विचारला तेव्हा तिच्या सासऱ्यांना जाऊन दोन महिने झाले होते आणि घरात त्यांचे नाव कोणी काढत नव्हते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आजोबा जाहिरातक्षेत्रातले. ब्रोमाइडवरची, म्हणजे फोटोच्या कागदावर उमटवलेली, अक्षरे कापून रबर सोल्युशनने चिकटवण्याच्या काळापासून संगणक येईपर्यंत त्यांनी एजन्सीत लेआउट केले. १९६७ मध्ये विविध भारतीवर आणि १९७६ मध्ये दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हाच्या धांदलीच्या गोष्टी ते नातवाला सांगत. निवृत्तीनंतर त्यांचे एकच गिऱ्हाईक उरले होते, ते म्हणजे हा नऊ वर्षांचा नातू. तो चार वाजता शाळेतून आला की दोघे ड्रॉइंग बोर्डापाशी बसत आणि घरातल्या एखाद्या वस्तूची जाहिरात करत. कधी आईच्या भाकरीची, कधी गळक्या नळाची. नातवाने ‘छान’, ‘सुंदर’ असे काही लिहिले की आजोबा लाल पेन्सिलने ते खोडत आणि ती वस्तू नेमके काय करते ते लिहायला लावत.

ते गेले त्या संध्याकाळी मुलगा रडला नाही, उलट खाली क्रिकेट खेळायला गेला, आणि आईला त्याचीच धास्ती वाटली. पुढे रोज चारच्या सुमारास त्याचे पोट दुखू लागले. बालरोगतज्ज्ञांना त्यात काही आढळले नाही. दरम्यान, मुलाला त्रास नको म्हणून बोर्ड माळ्यावर गेला होता.

मुले सलग शोक करत नाहीत. ती दुःखात शिरतात, बाहेर येऊन खेळतात आणि पुन्हा शिरतात, त्यामुळे ते क्रिकेट मला काळजीचे वाटले नाही. मारिया नॅगी यांनी हंगेरीतील मुलांवर केलेला, १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मृत्यू प्रवासासारखा किंवा झोपेसारखा, परतीची वाट असलेला वाटतो, तर नवव्या वर्षाच्या आसपास तो अटळ आणि कायमचा असल्याचे कळते. या मुलाला ते कळले होतेच. या घरात त्याविषयी बोलता येते की नाही, एवढेच त्याला ठाऊक नव्हते. तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, “आजोबांचं नाव काढलं की बाबा बाथरूममध्ये जातात.” म्हणजे मोठी माणसे त्याला जपत होती आणि तो त्याच्या वडिलांना.

बोर्ड खाली आणावा आणि डोळ्यांत पाणी आले तरी वडिलांनी तिथून उठू नये, एवढेच मी सुचवले. वडील नाखूश होते, आणि त्यांचा शोकही अजून कोवळा होता. मुलांच्या बाबतीत सहा महिने उलटूनही शाळा, झोप, जेवण विस्कळीतच राहिले तर मात्र तज्ज्ञांना दाखवायला हवे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या निकषांतही प्रदीर्घ शोकविकारासाठी मुलांना सहा महिने आणि प्रौढांना एक वर्ष अशीच मुदत आहे. तशी वेळ इथे आली नाही. पोटदुखी लगेच थांबली नाही, पण महिन्याभरात विरळ झाली.

पुढची हकीकत आईने फोनवर सांगितली. प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात वर्तमानपत्रात द्यायची म्हणून वडिलांनी ‘प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल’ असा मजकूर लिहून बोर्डावर ठेवला होता. मुलाने लाल पेन्सिलने तिन्ही शब्द खोडले. मग काय लिहायचे, असे विचारल्यावर त्याने खाली लिहिले : ‘रोज चार वाजता घरी असायचे.’ जागेचे पैसे सेंटिमीटरवर मोजतात, तेव्हा हा हिशेबही आजोबांना पटला असता. वडिलांनी ती ओळ दोनदा वाचली आणि ते तिथेच, बोर्डापाशी मुलाच्या शेजारी बसून रडले.